शहाण्याने चढू नये ती पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे वडिलोपार्जित शहाणपणाचा ठेवा म्हणून बापाने मुलाला सांगायची, असा रिवाज आहे. ती ऐकताना आपण मान डोलावतो. परंतु कोणत्याही स्वतंत्र देशाला खाली मान घालायला लावील असा आरोप तिच्या पोटात दडलेला आहे, हे आपल्या ध्यानी येत नाही. दवाखान्याची पायरी चढू नये, शाळेची पायरी चढू नये, असे आपण कधी म्हणत नाही. न्याय मागायला जाणारा मात्र आपल्या हिशेबी वेडा ठरतो. मग त्या पायरीवर उभे तरी कोण राहते? ज्याला दुसरा मार्गच उरलेला नाही असा गरीब, आणि ज्याचा फायदा विलंबातच आहे असा धनवंत. शहाणे दोघांकडे पाठ फिरवून घरी बसलेले असतात. आज आम्हाला भांडायचे आहे ते या शहाण्यांशी. आणि त्यांत आम्ही स्वतःलाही धरतो.

गेली काही वर्षे आपल्या देशात न्यायव्यवस्थेच्या आधुनिकीकरणाचा मोठा घोष चालू आहे. २००७ साली ई-न्यायालय प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला, २०१५ साली दुसरा, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. २०२२ च्या सप्टेंबरपासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचे कामकाज घरबसल्या पाहता येऊ लागले. १ जुलै २०२४ रोजी १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा हे तिन्ही निवृत्त झाले व त्यांच्या जागी नव्या नावांचे तीन कायदे आले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती उभी राहिली. तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही, आणि तलवारीच्या जागी हातात संविधान आहे.

यांतल्या एकाही गोष्टीला आमचा सरसकट विरोध नाही. कागदाचे गठ्ठे वाळवीच्या स्वाधीन करण्यापेक्षा ते संगणकात सुरक्षित राहिलेले बरे. दूरच्या कारागृहातील कैद्याला पोलीस बंदोबस्त नाही म्हणून न्यायालयात हजरच केले जात नाही, त्यापेक्षा तो पडद्यावर दिसलेला बरा. आमचे म्हणणे एवढेच आहे की न्यायव्यवस्था आधुनिक झाली की नाही, हे तिच्या यंत्रांवरून ठरत नाही. दारात उभ्या असलेल्या सर्वांत दुबळ्या माणसाला ती किती दिवसांत, किती खर्चात आणि कोणत्या भाषेत उत्तर देते, यावरून ते ठरते. या कसोटीवर आजचे आधुनिकीकरण उतरत नाही, असे आमचे मत आहे; आणि ते आम्ही येथे स्पष्टपणे मांडणार आहोत.

तारीख घरपोच

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध विधवा आहे. घरामागची चार गुंठे जागा आणि सामाईक विहीर यांच्या वाटपाचा दावा तिच्या नवऱ्याने तरुणपणी लावला. तो गेला, त्याच्या जागी वारस म्हणून हिचे नाव लागले. पहिले वकील वारले, त्यांच्या मुलाने वकीलपत्र घेतले. अनेक न्यायाधीश आले आणि बदलून गेले. प्रत्येक तारखेला ही बाई पहाटेची मिस्सा ऐकून, प्लास्टिकच्या पिशवीत कागद आणि भाकरी घेऊन तालुक्याला जायची, न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसायची आणि पुकारा होण्याची वाट पाहायची. पुकारा झाला की आत कोणीतरी इंग्रजीत दोन वाक्ये बोले, साहेब मान हलवीत, आणि वकील बाहेर येऊन पुढची तारीख सांगत.

आता नातवाने मोबाइलवर तिचा दावा काढून दिला आहे. पुढची तारीख त्यावर दिसते. एकदा आम्ही घरी गेलो असता तिने तो मोबाइल आम्हाला दाखवला आणि म्हणाली, “फादर, आधी तारीख विचारायला तालुक्याला जावं लागायचं. आता घरात बसून कळते. पण कळते ती तारीखच ना?”

आधुनिकीकरणाविषयी इतकी नेमकी टीका आमच्या वाचनात नाही. विलंब होता तसाच राहिला, फक्त घरपोच मिळू लागला!

दिवाणी प्रक्रिया संहितेत १ जुलै २००२ पासून असा नियम आहे की दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये. नियम उत्तम आहे. परंतु अपवादात्मक परिस्थितीत न्यायाधीशांना सवलत असावी, असा त्याचा अर्थ पुढे लावला गेला, आणि आपल्या देशात अपवादच रोज सकाळी अकरा वाजता हजर असतो. नव्या फौजदारी कायद्यातही युक्तिवाद संपल्यापासून तीस दिवसांत, आणि कारणे नोंदवून फार तर पंचेचाळीस दिवसांत, निकाल द्यावा असे बंधन आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण युक्तिवाद संपण्याच्या आधी जी वर्षे जातात, त्यांचे काय? वरात दारात आल्यावर घोड्याला चाबूक मारण्याचा हा प्रकार आहे.

इथ्रोचा सल्ला

न्यायव्यवस्थेच्या सुधारणेची आम्हाला ठाऊक असलेली सर्वांत जुनी कथा निर्गमाच्या अठराव्या अध्यायात आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करीत बसतो आणि लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे असतात. त्याचा सासरा इथ्रो हे पाहतो आणि स्पष्ट शब्दांत सांगतो की हे काही बरे नाही. अशाने तूही थकशील आणि हे लोकही. लाच न घेणारी, देवभीरू, कर्तबगार माणसे निवड; हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर त्यांना नेम. लहान तंटे ते मिटवतील, अवघड तेवढे तुझ्याकडे येतील. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की इथ्रो परदेशी होता, परधर्मी याजक होता. तरी मोशेने त्याचा सल्ला मानला. इथ्रोने मोशेला अधिक वेगाने निकाल देण्याची युक्ती शिकवली नाही. त्याने न्यायाधीश वाढवले आणि ते लोकांच्या जवळ नेऊन बसवले.

आपल्याकडेही इथ्रो होऊन गेले. १९८७ साली विधी आयोगाने आपल्या १२० व्या अहवालात सांगितले की देशात दर दहा लाख लोकांमागे केवळ १०.५ न्यायाधीश आहेत. ते पाच वर्षांत ५० करावेत. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच आकडा उचलून धरला आणि पुन्हा पाच वर्षांची मुदत घातली. आज मंजूर पदांच्या हिशेबाने हे प्रमाण सुमारे २१ आहे, आणि रिकाम्या जागा वजा केल्या तर त्याहूनही कमी. जिल्हा व तालुका न्यायालयांत देशभर जवळजवळ पाच हजार खुर्च्या रिकाम्या असतात. दुसऱ्या पारड्यात पाच कोटींहून अधिक खटले आहेत, आणि त्यांतले साडेचार कोटींहून अधिक या खालच्या न्यायालयांतच अडकलेले आहेत. रिकाम्या खुर्चीपुढे कितीही चांगला संगणक ठेवला तरी तो निकाल देत नाही.

न्याय लोकांच्या जवळ नेण्याची कथाही अशीच आहे. ग्रामन्यायालयांचा कायदा २००८ साली झाला आणि २ ऑक्टोबर २००९ रोजी, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, अमलात आला. न्यायाधीशाने गावात जाऊन बसावे आणि लहान तंटे जागच्या जागी मिटवावेत, ही इथ्रोचीच कल्पना. देशभर पाच हजारांहून अधिक ग्रामन्यायालयांचे स्वप्न होते. प्रत्यक्षात काही शेच उघडली. याउलट जिथे लोकांनी नेट धरला तिथे काय घडते पाहा. कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच व्हावे म्हणून त्या भागातील वकिलांनी आणि नागरिकांनी काही दशके आंदोलन केले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झाले. सावंतवाडीच्या किंवा सांगलीच्या माणसाला आता उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागत नाही. आम्ही याला खरे आधुनिकीकरण म्हणतो.

मग यंत्रे आधी आणि माणसे नंतर, हा उफराटा क्रम कशामुळे लागतो? आमच्या मते कारण सरळ आहे. यंत्र एकदा विकत घेतले की त्याचे उद्घाटन करता येते. न्यायाधीशाला दरमहा पगार, निवासस्थान, लेखनिक आणि मनाचे स्वातंत्र्य द्यावे लागते. आणि असा स्वतंत्र न्यायाधीश उद्या सरकारच्याच विरुद्ध निकाल देऊ शकतो. देशातील सर्वांत मोठा पक्षकार स्वतः सरकार आहे, हे येथे विसरून चालणार नाही.

सुधारणा कोणासाठी केली जाते, हेही पाहावे लागते. जागतिक बँकेच्या व्यवसाय-सुलभतेच्या अहवालात २०२० साली करार अमलात आणण्याच्या बाबतीत भारत १९० देशांत १६३ वा आला. दिल्ली-मुंबईत असा दावा निकाली निघायला सरासरी १,४४५ दिवस लागतात, असे त्यात म्हटले होते. या क्रमांकाची सरकारदरबारी केवढी चिंता! व्यापारी तंट्यांसाठी २०१५ सालीच स्वतंत्र न्यायालयांचा कायदा झालेला होता. २०१८ साली तो अधिक व्यापक करण्यात आला. पुढे आकडेवारीतल्या गैरप्रकारांमुळे जागतिक बँकेने २०२१ साली तो अहवालच गुंडाळला. गुंतवणूकदाराला न्याय लवकर मिळावा, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्याच्या १,४४५ दिवसांची जितकी लाज वाटली, तितकी चार गुंठ्यांसाठी हयात घालवणाऱ्या विधवेची कोणाला वाटली?

जामीन मंजूर, माणूस आत

आता त्या पायरीच्याही खाली, भिंतीपलीकडे जाऊ. कारागृहसेवेच्या निमित्ताने आम्ही काही वर्षे एका कारागृहात जात आलो आहोत. तेथे आम्हाला एक तरुण भेटला. पाड्यावरचा, वीटभट्टीवर काम करणारा. आरोप किरकोळ चोरीचा. त्याला जामीन मंजूर होऊन सात महिने झाले होते, तरी तो आतच होता. कारण पंधरा हजारांचा जामीनदार हवा होता. जामीनदाराला सातबारा हवा, रेशनकार्ड हवे, ऐपतीचा दाखला हवा. ज्याच्या बापाच्या नावे जमिनीचा तुकडा नाही, त्याच्यासाठी सातबारा घेऊन कोण उभे राहणार? त्याच आठवड्यात मोठ्या घरचा एक आरोपी सकाळी आला आणि संध्याकाळी गेल्याचे त्याने पाहिले होते. त्याने आम्हाला विचारले, “फादर, कायदा दोन असतात का?” नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याचे उत्तर आहे. ते त्याला ऐकवण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही.

हा तरुण एकटा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे तुरुंगातल्या चौघांपैकी तिघांवरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. शिक्षा आधी आणि निकाल मागाहून, अशी ही रीत आहे.

या दुखण्याचे निदान पूर्वीच झालेले आहे. १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे बिहारच्या तुरुंगांचे चित्र आले. ज्या गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त जी शिक्षा होऊ शकली असती, तिच्याहून अधिक काळ माणसे खटल्याविना कोंडलेली होती. न्या. भगवती यांच्या पीठाने जलद सुनावणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्यानंतर १९८७ साली मोफत विधी सेवेचा कायदा आला. अर्धी शिक्षा भोगून झालेल्या कच्च्या कैद्याला वैयक्तिक हमीवर सोडावे, अशी तरतूद २००६ पासून लागू झाली. नव्या कायद्याने पहिल्यांदाच आरोपी झालेल्यासाठी ती मर्यादा एक तृतीयांशावर आणली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत जुन्या कैद्यांनाही लागू केली. जामीन मिळूनही महिनाभरात ज्याची सुटका होत नाही, त्याच्या अटी न्यायालयाने आपण होऊन शिथिल करण्याचा विचार करावा, असेही जानेवारी २०२३ मध्ये सांगण्यात आले. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधानदिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात याच गरीब कैद्यांची व्यथा सांगितली आणि तुरुंग वाढवण्याची गरजच का पडावी, असा प्रश्न केला. एवढे सारे होऊन वीटभट्टीवरचा तो पोरगा सात महिने आत राहतो. कारण ते आदेश त्याच्यापर्यंत नेणारा माणूस त्या यंत्रणेत नाही.

याच ठिकाणी आम्हाला फादर स्टॅन स्वामी यांचे स्मरण होते. झारखंडातील तुरुंगांत खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांची स्थिती त्यांनी अभ्यासली होती आणि त्यांच्यासाठी उच्च न्यायालयात दाद मागितली होती. ८ ऑक्टोबर २०२० रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांना रांचीहून अटक झाली व तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. कंपवातामुळे पेला हातात धरता येत नव्हता. पाणी पिण्यासाठी नळी आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला, तेव्हा उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवसांची मुदत मागितली. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच, मुंबईच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावरील आरोप खरे की खोटे, हे ठरवण्याचा अधिकार आमचा नाही. तो न्यायालयाचा होता. परंतु न्यायालयात ते ठरलेच नाही, हीच आमची तक्रार आहे. ते आपल्यातले एक धर्मगुरू होते म्हणून आपण मेणबत्त्या लावल्या. वीटभट्टीवरच्या पोरासाठी आपण एक तरी लावली का?

न्यायाची लॅटिन

आपल्या आजीआजोबांनी जन्मभर लॅटिन मिस्सा ऐकली. वेदीवर काय चालले आहे ते पाठमोऱ्या फादरना आणि देवाला ठाऊक. लोक आपली जपमाळ ओढीत. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला दार उघडले, आणि मराठी मिस्सा ऐकून आपली माणसे प्रथमच ‘आमेन’ समजून म्हणू लागली. पावित्र्य कमी झाले नाही, सहभाग वाढला.

आपल्या न्यायालयांत अजून लॅटिनचा काळ चालू आहे. महाराष्ट्रात खालच्या न्यायालयांची भाषा मराठी, असा शासनाचा आदेश १९९८ साली निघाला. तरीही युक्तिवाद, निकालपत्र आणि दिलेले दाखले यांत इंग्रजीचेच राज्य बऱ्याच अंशी टिकून आहे. उच्च न्यायालयाची भाषा तर संविधानाच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे इंग्रजीच. मात्र त्याच कलमात राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याची भाषा वापरण्याची वाट ठेवलेली आहे, आणि उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान व मध्य प्रदेश येथे ती हिंदीला मोकळी झालेली आहे. मराठीला ती का नसावी? सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचे यंत्राच्या साहाय्याने मराठीत भाषांतर होऊ लागले आहे. हे यंत्राचे खरोखर स्तुत्य काम. पण निकाल लागल्यावर भाषांतर वाचणे वेगळे, आणि आपल्या आयुष्याचा फैसला होत असताना तो समजणे वेगळे. न्यायदेवतेच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली, छान झाले. आता तिने आमची भाषाही ऐकावी.

विलंबाचे पीक

काही वाचक म्हणतील, फादरांनी या विषयात इतके का शिरावे? कारण न्यायाला उशीर झाला की लोक अन्यायावर प्रेम करू लागतात, आणि ते आम्हाला भयावह वाटते. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. पोलिसांवर फुले उधळली गेली. आपल्यातल्याही कित्येकांनी ‘असंच पाहिजे’ म्हटले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने २०२२ साली असा निष्कर्ष काढला की गोळीबार त्यांना मारण्याच्याच हेतूने झाला होता आणि पोलिसांची हकिगत विश्वासार्ह नव्हती. आरोपीचे घर बुलडोझरने पाडणे म्हणजे तत्काळ न्याय, असेही आपण मानू लागलो. शासनाला स्वतःच न्यायाधीश बनून असे घर पाडता येणार नाही, हे १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. ज्या समाजाला न्यायाधीशाची वाट पाहणे असह्य होते, तो जल्लादाचे स्वागत करतो. आज बुलडोझर दुसऱ्याच्या दारात असतो, म्हणून आपण टाळ्या वाजवतो. लहान समाजाने तरी अशा टाळ्या वाजवताना दोनदा विचार करावा.

आमचे अंगण

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवताना स्वतःचे मुसळ झाकणे आम्हाला शोभणार नाही. ख्रिस्तसभेचीही न्यायालये आहेत. विवाह मुळातच अवैध होता असे घोषित करून घेण्यासाठी तिथेही दोन न्यायालयांचे एकमताचे निकाल लागत, आणि दुःखी माणसे वर्षानुवर्षे तिष्ठत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १५ ऑगस्ट २०१५ च्या पत्राने दुसऱ्या निकालाची सक्ती काढून टाकली, उघड प्रकरणांसाठी बिशप महोदयांपुढे लघुप्रक्रिया ठेवली आणि हे काम शक्य तेथे विनामूल्य व्हावे, अशी इच्छा व्यक्त केली. दोन हजार वर्षांच्या संस्थेला बदलता येते, तर पाऊणशे वर्षांच्या प्रजासत्ताकाला का येऊ नये? पण तो बदल आमच्याकडेही उशिरा आला, हे मान्य केलेच पाहिजे.

आणि आपली कुटुंबे? त्या विधवेच्या दाव्यात समोरचा पक्षकार कोण आहे, ठाऊक आहे? तिचा सख्खा दीर. दोघेही रविवारी एकाच चर्चमध्ये येतात, शांतीच्या चिन्हाच्या वेळी एकमेकांकडे पाठ करतात आणि मग त्याच हातांनी ख्रिस्तशरीर स्वीकारतात. तारखा मागणारा वकील त्याचा. पण सांगणारा तो स्वतः. म्हातारी मेली की प्रश्न मिटेल, हा त्यामागचा हिशेब. विलंब हे केवळ व्यवस्थेचे अपयश नाही. आपल्यातल्या कित्येकांनी ते हत्यार म्हणून हाती धरले आहे. पंचांनी बसून, तज्ज्ञाला विचारून, एका संध्याकाळी मिटतील असे बांधाचे, वाटेचे, विहिरीचे किती तंटे आपण न्यायालयाच्या डोक्यावर घालतो! गरिबाच्या खटल्याला जागा मिळत नाही, याला ही गर्दीही कारण आहे.

म्हणून आमचे मागणे सरकारपाशी आहे आणि आपणा सर्वांपाशीही आहे. उद्या मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला रस्ता आणि पाणी विचारता, तसे हेही विचारा: आमच्या जिल्ह्यात न्यायाधीशांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि त्या कधी भरणार? आपल्या हुशार मुलांना परदेशाच्या विमानात बसवण्यापूर्वी सांगा की लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून दिवाणी न्यायाधीश होता येते, आणि मराठी जाणणारा, लाच न घेणारा न्यायाधीश होणे हेही एक पाचारण आहे. आपल्या वकील बंधुभगिनींनी महिन्यातून एक दिवस कारागृहातील विनामूल्य कामाला द्यावा.

आणि एक शेवटचे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सातबारा आहे. ‘जामीन राहणे’ हे शब्द आपल्याकडे बदनाम आहेत. शहाण्याने कोणाला जामीन राहू नये, असाही सल्ला आपण देतो. पण आपल्या श्रद्धेचा पायाच असा आहे की आपण दोषी असताना कोणीतरी आपल्यासाठी जामीन राहिला. इब्री लोकांस पत्रात त्याला नेमका हाच शब्द लावलेला आहे. वीटभट्टीवरच्या त्या पोरासाठी अखेर आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी सातबारा घेऊन उभा राहिला. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही, कारण त्याने तशी ताकीद दिली आहे. पोरगा सुटला; प्रत्येक तारखेला हजर राहतो. शेतकऱ्याच्या बायकोने नवऱ्याला त्या दिवशी वेड्यात काढले होते.

न्यायालयाची पायरी शहाण्यांनी आजवर पुष्कळ टाळली. आता असले काही वेडे तिच्यावर चढू देत.